अर्ज कुणाला, मायना कोणता: औपचारिक पत्राचा क्रम

बहुतेक लोक औपचारिक पत्राची सुरुवात मायन्यापासून करतात. ‘माननीय महोदय’ लिहून टाकायचे, पुढचे पुढे बघू. चूक इथेच होते. पत्र कुणाच्या टेबलावर जाणार हे नक्की झाल्याशिवाय मायना ठरत नाही आणि मायना ठरल्याशिवाय शेवट ठरत नाही. या तिन्ही गोष्टी एकामागून एक येतात. त्यातली पहिली चुकली की पुढच्या दोन कितीही नम्रपणे लिहा, आवक खिडकीवरचा माणूस कागद परत करतो: ‘हे आमच्याकडे नाही, तिकडे द्या.’

नागपुरात यात आणखी एक भर पडते. इथे घराघरात मराठी आणि हिंदी एका दमात बोलली जाते, तेव्हा अर्जातही ‘सेवा में’, ‘श्रीमान’, ‘महोदयजी’, ‘प्रार्थी’ असे पाहुणे येऊन बसतात. बोलताना चालते, अर्जात खटकते.

खालचा क्रम सोडू नका. घाई असेल तर निदान पहिले दोन टप्पे तरी नीट करा.

१. लिहायला बसण्याआधी: हे काम नेमके कुणाचे?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. काम ज्याच्या अखत्यारीत आहे त्या पदाला पत्र जाते, सगळ्यात मोठ्या साहेबाला नव्हे. ‘वरच्या साहेबाला दिलं की खाली हलते’ असा आपल्याकडे समज आहे. प्रत्यक्षात ते पत्र वरून ‘योग्य कार्यवाहीसाठी’ असा शेरा घेऊन खालीच उतरते, फक्त उशिरा.

नागपुरात हमखास गफलत होणाऱ्या जोड्या पाहून घ्या.

महानगरपालिका, नागपूर सुधार प्रन्यास (नासुप्र) आणि महानगर प्रदेश विकास प्राधिकरण ही तीन वेगळी कार्यालये आहेत. महापालिकेचे प्रमुख आयुक्त, नासुप्रचे सभापती, प्राधिकरणाचे महानगर आयुक्त. सभापती आणि महानगर आयुक्त ही दोन्ही पदे एकाच अधिकाऱ्याकडे असू शकतात. पण तेवढ्यावरून ‘दोघांना मिळून एक’ असे पत्र लिहू नका. भूखंडाचा कागद, आरएल (नियमितीकरण पत्र) किंवा डिमांड नोट ज्या संस्थेची असेल, त्याच संस्थेचे पद लिहा.

पोलीस आयुक्त, नागपूर शहर हे एक पद. पोलीस अधीक्षक, नागपूर ग्रामीण हे दुसरे. तहसीलदारांचेही तसेच, शहर वेगळे आणि ग्रामीण वेगळे. शहराच्या कडेला नव्या लेआउटमध्ये राहणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्यावे, कारण घर कुठल्या हद्दीत येते ते नुसत्या पिनकोडवरून कळत नाही.

रेल्वेबाबत तर बरेच जण फसतात. नागपुरात दोन विभागीय रेल्वे व्यवस्थापक आहेत, एक मध्य रेल्वेचे आणि दुसरे दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचे. नुसते ‘डीआरएम, नागपूर’ लिहिले तर पत्र कुणाचे हे पाकीट फोडणाऱ्याने ओळखायचे का?

विद्यापीठात कुलपती, कुलगुरू आणि कुलसचिव ही तीन वेगळी माणसे. कुलपती म्हणजे राज्यपाल. गुणपत्रिकेतल्या नावाची दुरुस्ती हे कुलपतींचे काम नाही, कुलगुरूंचेही नाही. ते परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांकडे द्यायचे असते. दहावी-बारावीचे कागद असतील तर विद्यापीठाचा संबंधच नाही, तिथे राज्य मंडळाच्या नागपूर विभागीय मंडळाचे विभागीय सचिव.

गल्लीतला कचरा, पथदिवे, गडर लाईन (सांडपाण्याची वाहिनी) यासाठी थेट आयुक्तांकडे धावायची गरज नसते. महापालिकेचे दहा झोन आहेत: लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर आणि मंगळवारी. पहिले पत्र झोनच्या सहायक आयुक्तांना. आपला झोन माहीत नसेल तर मालमत्ता कराचे बिल काढा. वीजबिलावरही बिलिंग युनिट छापलेले असते, महावितरणला लिहिताना ते आणि ग्राहक क्रमांक दोन्ही लागतात.

> तपासा: पद, कार्यालय आणि हद्द या तीन गोष्टी एका ओळीत सांगता येतात का? येत नसतील तर अजून लिहायला बसू नका.

२. ‘प्रति’चा चौकोन: आधी पद, मग कार्यालय

औपचारिक पत्र पदाला जाते, त्या खुर्चीत आज कोण बसले आहे त्याला नाही. बदली झाली तरी पत्र तिथेच राहते. म्हणून नाव लिहिणे आवश्यक नाही. नाव लिहायचेच असेल तर ते आजचे आणि अचूक असावे. गेल्या वर्षीच्या साहेबांचे नाव घातलेले पत्र वाचून नव्या साहेबांना काय वाटत असेल ते तुम्हीच ठरवा.

आदराचा शब्द एकच पुरे. ‘मा.’ लिहिले की ‘श्रीमान’ नको, ‘आदरणीय’ नको, शेवटी ‘साहेब’ नको, आणि ‘जी’ तर मुळीच नको. ‘माननीय श्रीमान आयुक्त साहेबजी’ या ओळीत चार वेळा वाकून नमस्कार झाला, पण कोणत्या कार्यालयाचे आयुक्त ते राहिलेच.

लोकप्रतिनिधींसाठी महाराष्ट्रात रूढ असलेली आद्याक्षरे वापरता येतात: मंत्र्यांना ‘मा. ना.’ म्हणजे नामदार, आमदारांना ‘मा. आ.’, खासदारांना ‘मा. खा.’. एक धोका लक्षात ठेवा. ‘मा.’ हे ‘माजी’चेही रूप म्हणून वाचले जाते. विद्यमान आमदारांना ‘मा. आ.’ वाचून आपण माजी झालो की काय असे वाटू नये, म्हणून फलक आणि निमंत्रणपत्रिकेत ‘माननीय’ अख्खे लिहा, आणि माजी असतील तर ‘माजी’ही अख्खे लिहा. हा विनोद वाटतो, पण मंडळांच्या पत्रिकांवर यावरून रुसवेफुगवे होतात.

राज्यपालांना, म्हणजे कुलपतींना, लिहिताना अजूनही ‘महामहिम’ येते. २०१२ साली राष्ट्रपती भवनाने देशांतर्गत व्यवहारात हा शब्द टाळायचे ठरवले. ‘मा. राज्यपाल’ आणि मायन्यात ‘महोदय’ किंवा ‘महोदया’ एवढे पुरेसे आणि योग्य आहे.

न्यायालयाचे वेगळे. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे कार्यालयीन पत्रव्यवहार करायचा तर तो प्रबंधकांच्या नावे. प्रकरण चालू असताना न्यायमूर्तींना थेट पत्र लिहू नका, मायना कितीही शुद्ध असला तरी. जे सांगायचे ते वकिलामार्फत.

हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत निवेदनांचा पाऊस पडतो. तेव्हा मंत्र्यांचा पत्ता ‘विधान भवन, नागपूर’ लिहिला तरी चालतो, पण अधिवेशन संपता संपता पाठवत असाल तर ‘मंत्रालय, मुंबई ४०००३२’ हाच पत्ता घाला. मंत्र्यांचे खाते बदलले आहे का तेही बघून घ्या.

बायकांच्या नावाआधी काय लिहावे यावर बराच घोळ असतो. कार्यालयीन पत्रात ‘श्रीमती’ लिहा, विवाहित असोत, अविवाहित असोत, काहीही. ‘सौ.’ आणि ‘कु.’ लिहून त्यांच्या लग्नाची चौकशी आपण का करायची? आपल्या भागात काही घरांत ‘श्रीमती’ म्हणजे विधवा असा समज आहे, त्यामुळे घरगुती पत्रिकेत हा शब्द वापरताना त्या घराला विचारून घ्यावे. अर्जात ही अडचण नाही. पद लिहिताना उगाच स्त्रीलिंगी रूप घडवू नका: ‘आयुक्त’, ‘जिल्हाधिकारी’, ‘महापौर’ तसेच राहतात. ‘मुख्याध्यापिका’ मात्र रुळलेले आहे.

> सावध: स्वतःच्या नावाआधी ‘श्री.’ किंवा ‘श्रीमती’ लिहू नका. ते दुसऱ्याने लिहायचे असते.

३. विषय आणि संदर्भ

यावर फार वेळ नको. विषय एका ओळीत, ‘बाबत’ने संपणारा, आणि त्यात काम दिसले पाहिजे. ‘तक्रारीबाबत’ हा विषय नव्हे. ‘घर क्रमांक अमुकच्या मालमत्ता करात झालेली दुबार आकारणी रद्द करण्याबाबत’ हा विषय. आधीचा अर्ज असेल तर संदर्भात त्याची तारीख आणि आवक क्रमांक द्या. मायना या दोहोंच्या खाली येतो, वर नाही. ‘प्रति’नंतर लगेच ‘महोदय’ लिहून मग विषय टाकणारे बरेच आहेत.

४. मायना: इथे कमी शब्द लिहायचे

वर ‘मा.’ येऊन गेले आहे. आता नुसते ‘महोदय,’ पुरते. बाई असतील तर ‘महोदया,’. माहीत नसेल तर ‘महोदय/महोदया,’. हे थोडे कोरडे वाटते, तरी बाईंना ‘महोदय’ म्हणण्यापेक्षा बरे. कार्यालयात फोन करून विचारणे त्याहून बरे.

‘महोदयजी’ टाळा. ‘सर’ आणि ‘मॅडम’ शाळा, कॉलेज आणि खासगी कंपनीत चालतात, सरकारी अर्जात नको. अनेकांना उद्देशून पत्र असेल, म्हणजे समितीला किंवा संचालक मंडळाला, तर ‘मान्यवर,’ किंवा ‘सन्माननीय सदस्य,’ लिहिता येते. ‘प्रिय’ने सुरू होणारी अर्धशासकीय पत्रे अधिकारी आपसांत लिहितात, नागरिकाने तो मार्ग धरू नये.

घरगुती पत्रातले मायने इथे आणू नका. ‘सा.न.वि.वि.’ म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष, ‘स.न.वि.वि.’ म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष. ओळखीच्या संस्थेला, निमंत्रणाला, आभाराच्या पत्राला ‘स.न.वि.वि.’ शोभते. तक्रार अर्जात तेच लिहून खाली ‘आपल्यावर कारवाई का करू नये’ असे आले की वाचणाऱ्याला हसावे की रडावे कळत नाही. आईवडिलांसाठी ‘तीर्थरूप’ आणि इतर वडीलधाऱ्यांसाठी ‘तीर्थस्वरूप’ असते. तुमच्या साहेबांना दोन्हींची गरज नाही.

आपल्या शहरात आणखी एक प्रश्न येतो. संस्थेच्या पत्राची सुरुवात ‘सप्रेम जय भीम’, ‘जय गुरुदेव’, ‘राम राम’ अशी करावी का? संस्था-संस्थांत, कार्यकर्त्यांत, सभेच्या निमंत्रणात जरूर करावी, तो त्या नात्याचाच भाग आहे. कार्यालयाला जाणाऱ्या अर्जात मात्र मायना पदाचाच ठेवा. लेटरहेडवर वर छापलेले असेल तर ते खोडायचीही गरज नाही.

माहिती अधिकाराच्या अर्जाला हा सगळा पसारा लागतच नाही. ‘जोडपत्र अ’चा नमुना ठरलेला आहे, तो जन माहिती अधिकाऱ्यांच्या नावे जातो आणि शुल्क १० रुपये. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत बसवायचा असतो. तिथे नम्रतेवर शब्द घालवले तर माहिती मागायला जागा उरत नाही.

> तपासा: ‘मा.’ आणि ‘माननीय’ मिळून कागदावर किती वेळा आले? ‘प्रति’त एकदा आले असेल तर मायन्यात पुन्हा नको.

५. पहिले वाक्य

‘वरील विषयास अनुसरून कळवतो की,’ किंवा ‘उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की,’ एवढे झाले की सरळ मुद्द्यावर या. ‘मी आपल्या कार्यक्षेत्रातील एक सामान्य, गरीब व कायद्याचे पालन करणारा नागरिक असून’ हे वाक्य कुणीही वाचत नाही.

वारसनोंदीच्या अर्जात गेलेल्या माणसाचा उल्लेख कसा करावा हेही लोक विचारतात. महसुली कागदात ‘मयत’ लिहायची पद्धत आहे, तो कागदाचा शब्द आहे, अपमान नव्हे. इतर पत्रांत ‘कै.’ लिहितात. ते नको असेल तर ‘दिवंगत’ कुठल्याही धर्माला चालते. आपल्याकडे बौद्ध कुटुंबांत ‘कालकथित’ लिहितात. दुसऱ्याच्या घरचे पत्र लिहून देत असाल तर त्या घराचा शब्द वापरा.

६. शेवट मायन्याशी जुळला पाहिजे

‘महोदय’ने सुरू झालेले पत्र ‘आपला विश्वासू’ने संपते. लिहिणारी बाई असेल तर ‘आपली विश्वासू’, अनेक जण असतील तर ‘आपले विश्वासू’. सोसायटीच्या पत्रावर पंचवीस सह्या आणि वर ‘आपला विश्वासू’, हे दृश्य फार वेळा दिसते.

‘आपला आज्ञाधारक’ विद्यार्थी मुख्याध्यापकांना लिहितो, नोकरीतले काही लोक वरिष्ठांना लिहितात. नागरिकाने पालिकेला लिहू नये, तुम्ही कर भरता. ‘कृपाभिलाषी’ व्यापारी पत्रात आणि वर्गणीच्या आवाहनात शोभते. ‘कळावे, लोभ असावा’ हे आप्तांना. अर्जात नुसते ‘कळावे,’ पुरे. ‘भवदीय’ चालते, पण ‘प्रार्थी’ हिंदी अर्जातला आहे, मराठीत ‘अर्जदार’.

रेल्वेला किंवा बँकेला हिंदीत लिहायचे असेल तर बिनधास्त पूर्ण हिंदीत लिहा: ‘सेवा में’पासून ‘भवदीय’पर्यंत. अर्धे इकडचे अर्धे तिकडचे नको.

आता एक नेहमीचा नमुना बघा. अगदी असेच अर्ज येतात:

सेवा में,
माननीय श्रीमान आयुक्त साहेबजी,
महानगरपालिका, नागपूर

मा. महोदयजी,
सा.न.वि.वि. विषय: गडर लाईन
…
कळावे, लोभ असावा ही विनंती.
आपला आज्ञाधारक प्रार्थी
श्री. अ. ब. क. व समस्त रहिवासी

आणि हाच अर्ज नीट केल्यावर:

दिनांक : …
प्रति,
मा. सहायक आयुक्त,
हनुमाननगर झोन,
नागपूर महानगरपालिका, नागपूर.

विषय : अबक सोसायटीसमोरील तुंबलेली गडर लाईन साफ करण्याबाबत.
संदर्भ : आमचा दि. … चा अर्ज, आवक क्र. …

महोदया,
वरील विषयास अनुसरून कळवतो की, …
कळावे,

आपले विश्वासू,
(सह्या)
अ. ब. क., सचिव
अबक सहकारी गृहनिर्माण संस्था
पत्ता, मोबाइल क्रमांक

सोबत : छायाचित्रे, आधीच्या अर्जाची पोच

दुसऱ्यात आदर कमी झाला का? उलट ‘महोदया’ लिहिताना कुणीतरी फोन करून विचारले होते, हे वाचणाऱ्या बाईंना कळते.

७. ‘मार्फत’ आणि ‘प्रत’

शिक्षक, कर्मचारी, विद्यार्थी यांची पत्रे पुष्कळदा वरिष्ठांमार्फत जातात. उदाहरणार्थ, शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद, नागपूर यांना लिहायचे आणि ‘मार्फत : मुख्याध्यापक’. मायना आणि आदराची सगळी भाषा ‘प्रति’तल्या पदासाठी असते, ‘मार्फत’वाल्यासाठी नाही. मुख्याध्यापिकाबाईंच्या हाती द्यायचे म्हणून ‘महोदया’ आणि वर शिक्षणाधिकारी पुरुष, असे झाले की पत्र पुन्हा लिहावे लागते.

प्रती देताना पत्राच्या शेवटी, सहीच्या खाली, डावीकडे ‘प्रत माहितीसाठी :’ लिहून पदांची यादी द्या. प्रत पाठवली म्हणून त्यांच्यासाठी वेगळा मायना लिहायचा नसतो. एकाच तक्रारीच्या आमदार, खासदार, मंत्री, आयुक्त आणि वर्तमानपत्रे अशा सगळ्यांना प्रती टाकण्याची हौस आवरा. यादी लांबली की प्रत्येकाला वाटते दुसरा बघेल.

८. ईमेल केला तर

विषय ईमेलच्या विषयाच्या जागीच लिहा, आत पुन्हा नको. ‘प्रति’चा चौकोन ठेवा, कारण कार्यालयात तो ईमेल छापून फाइलला लागतो आणि छापल्यावर कुणाला लिहिले तेच दिसायला हवे. ‘शुभ सकाळ’ लिहू नका, तो संध्याकाळी उघडला जाईल. खासगी कंपनीला किंवा कॉलेजला ‘नमस्कार,’ हा सुटसुटीत आणि पुरेसा मायना आहे. हात जोडलेले आणि गुलाबाचे चित्र व्हॉट्सअॅपच्या गटातच ठेवा.

> सावध: जुना ईमेल उचलून नवा करत असाल तर मायन्यातले नाव आणि पद आधी बदला. मजकूर नवा आणि मायना जुन्या साहेबांचा, ही चूक सहीपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

९. पोच आणि स्मरणपत्र

दोन प्रती न्या. एक आवक खिडकीत, दुसऱ्यावर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. ‘साहेबांना प्रत्यक्ष दिले आहे’ याला पोच म्हणत नाहीत.

उत्तर आले नाही तर स्मरणपत्र द्यावे लागते. इथे लोकांचा तोल जातो: पहिल्या पत्रात ‘माननीय महोदय’ आणि तिसऱ्यात मायनाच नाही, थेट ‘आपणांस शेवटची संधी देण्यात येत आहे’. स्मरणपत्राचा ‘प्रति’ आणि मायना पहिल्या पत्रासारखाच ठेवा. बदल फक्त दोन ठिकाणी: विषयाआधी ‘स्मरणपत्र १’ आणि संदर्भात आधीच्या सगळ्या अर्जांचे आवक क्रमांक, तारखेनुसार. आधीचे पत्र चुकीच्या कार्यालयात गेले होते असे आता कळले असेल तर ते स्मरणपत्र नव्हे. पहिल्या टप्प्यापासून नव्याने लिहा, जुना आवक क्रमांक संदर्भात जोडा आणि ‘प्रति’त या वेळी बरोबर पद घाला.